रेडिंगमधील एका फ्लॅटच्या ओल्या खिडक्या : घरातील बाष्पाचा हिशेब

इंग्लंडमधील रेडिंग शहरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या खिडक्यांवर नोव्हेंबरपासून रोज सकाळी आतल्या बाजूने पाणी साचू लागले आणि जानेवारीपर्यंत उत्तरेकडील शयनगृहाच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, काळी बुरशी धरली. घरात पती, पत्नी, तीन वर्षांची मुलगी आणि हिवाळ्यापुरत्या रत्नागिरीहून आलेल्या पतीच्या आई असे चौघे राहत होते. इमारत १९७०च्या दशकातील असून तिच्या विटांच्या दुहेरी भिंतीतील पोकळी रिकामीच ठेवलेली आहे. खिडक्यांना दुपदरी काच आहे, परंतु ती १९९०च्या सुमाराची, म्हणजे आजच्या मानाने बरीच थंड राहणारी. फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस मीटर आणि छताची उंची २.४ मीटर, म्हणजे घरात मावणारी हवा सुमारे १४४ घनमीटर. इमारतींतील वायुवीजन हा माझ्या व्यवसायाचा विषय असल्यामुळे या कुटुंबाने मला घर पाहण्यास बोलावले. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, हे प्रकरण येथे मांडत आहे.

ते सविस्तर मांडण्याचे कारण असे की, महाराष्ट्रातून, विशेषतः कोकण आणि मुंबईतून, थंड देशात गेलेल्या अनेक घरांत मला हाच क्रम दिसतो. बाहेर पाऊस सुरू झाला की खिडक्या लावून घ्यायच्या, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे आणि ती आपल्या हवामानात पूर्णपणे योग्य आहे. इंग्लंडच्या जानेवारीत मात्र तीच सवय घर ओले करते.

पाणी नेमके कुठून येते

कुटुंबाचा पहिला संशय गळतीवर होता, आणि तो आधी तपासणे आवश्यकच होते. भिंत बाहेरून पाणी शोषत असेल तर डाग पावसानंतर वाढतो, त्याच्या कडेला क्षाराची पांढरट रेघ उमटते आणि तो बहुधा एखाद्या फुटलेल्या पन्हळीच्या किंवा खिडकीच्या सांध्याच्या आसपास असतो. पाण्याची नळी गळत असेल तर ओल ऋतू पाहत नाही. येथे कोरड्या, निरभ्र आणि अतिथंड रात्रींनंतर पाणी सर्वांत जास्त दिसत होते, पावसाळी पण सौम्य रात्रींनंतर कमी. बुरशी बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत आणि फर्निचरच्या मागे होती. आतल्या भिंती स्वच्छ होत्या. एवढ्यावरून ही ओल घरातल्याच हवेतून बाहेर पडलेली आहे, हे जवळजवळ निश्चित झाले. थंड पाण्याने भरलेल्या तांब्यावर बाहेरून थेंब सुटतात, तीच क्रिया येथे काचेवर घडत होती.

काचेच्या कोणत्या बाजूला पाणी आहे, हेही नीट पाहावे लागते. दोन काचांच्या मधल्या पोकळीत धुके दिसले तर काचेची कडबंदी निकामी झालेली असते आणि घरातली आर्द्रता कितीही कमी केली तरी ते जात नाही. काच बदलणे हाच त्यावर उपाय असतो. बाहेरच्या बाजूला पहाटे दव दिसले तर काच उष्णता चांगली अडवते एवढाच त्याचा अर्थ. या घरात दोन्ही प्रकार नव्हते. पाणी सर्वत्र आतल्या बाजूला होते आणि खालच्या कडेला अधिक होते, कारण जुन्या दुपदरी काचांत कडेची पट्टी ॲल्युमिनियमची असते आणि तेथून उष्णता वेगाने बाहेर जाते.

दोन खोल्या, एकच बाष्प

पाहणीच्या दिवशी बाहेरचे तापमान ४ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के होती. बैठकीच्या खोलीत २०.५ अंश आणि ६२ टक्के, तर उत्तरेकडील शयनगृहात १६ अंश आणि ७८ टक्के अशी नोंद मिळाली. शयनगृह जास्त दमट आहे, असा निष्कर्ष कुटुंबाने आपल्या छोट्या आर्द्रतामापकावरून काढला होता आणि म्हणून सगळे लक्ष त्याच खोलीवर दिले होते. तेथे कपाटात ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या ठेवल्या होत्या. अशी एक डबी कित्येक आठवड्यांत काहीशे मिलिलिटर पाणी गोळा करते, आणि घरात रोज कित्येक लिटर बाष्प सोडले जाते. हे प्रमाण पाहता त्या डब्यांचा उपयोग बंद कपाटापुरताच आहे.

सापेक्ष आर्द्रतेचा आकडा एकटा वाचला की फसवतो. उबदार हवा थंड हवेपेक्षा बरेच अधिक बाष्प धरून ठेवू शकते, म्हणून त्या आकड्याला तापमानाची जोड देऊन एक घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम पाणी आहे, हे काढावे लागते. तसे काढल्यावर बैठकीच्या खोलीत सुमारे ११ ग्रॅम आणि शयनगृहात सुमारे १०.६ ग्रॅम एवढे बाष्प निघाले. म्हणजे दोन्ही खोल्यांत जवळजवळ सारखेच पाणी होते, किंबहुना शयनगृहात किंचित कमीच. बाष्प स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि बैठकीत तयार होत होते, उघड्या दारांतून घरभर पसरत होते आणि जी खोली सर्वांत थंड तेथे उतरत होते. खर्च वाचवण्यासाठी शयनगृहाचा रेडिएटर, म्हणजे खोली तापवणारे भिंतीवरचे उपकरण, बंद ठेवून दार उघडे ठेवले होते, आणि त्यामुळे ती खोली सगळ्या घराचे बाष्प गोळा करण्याची जागा बनली होती.

१६ अंशांच्या त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे १२ अंश होता. जुन्या दुपदरी काचेतून उष्णता किती वेगाने बाहेर जाते, हे सांगणारा प्रचलित गुणांक २.८ धरला, तर आत १६ आणि बाहेर ४ अंश असताना काचेचा आतला पृष्ठभाग सुमारे ११.६ अंशांवर राहतो, म्हणजे दवबिंदूच्या किंचित खाली. कडेला तो याहूनही थंड असतो. बुरशीला तर उघडे पाणीही लागत नाही. पृष्ठभागालगतच्या हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहिली तरी ती वाढते, म्हणून काच रोज पुसली तरी कपाटामागची भिंत काळी होते. कपाट भिंतीला चिकटवून ठेवले की खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि मागचा भाग उघड्या भिंतीपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड राहतो.

पावसातही बाहेरची हवा कोरडी

आजींचा आग्रह होता की बाहेर एवढी रिपरिप असताना खिडकी उघडली तर घर अधिकच दमट होईल. त्यांचा अनुभव खरा होता, आणि तो अनुभव आकड्यांत मांडून दाखवणे हाच त्यावरचा आदरपूर्वक मार्ग होता. जुलैत रत्नागिरीत २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २४ ते २५ ग्रॅम पाणी असते. ती हवा घरात घेऊन ओल कमी होणार नाही. पापड आणि कपडे सादळतात ते याच हवेमुळे. रेडिंगमध्ये त्या दिवशी ४ अंशांच्या, ९० टक्के आर्द्र, पावसाळी हवेत मात्र घनमीटरला केवळ ५.७ ग्रॅम पाणी होते. ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ३१ टक्के होते. म्हणजे घरातली एक घनमीटर हवा बाहेर जाऊन बाहेरची एक घनमीटर आत आली की सुमारे ५ ग्रॅम पाणी घराबाहेर जाते, मग पाऊस पडत असो वा नसो.

हे आजींना पटले आणि नंतर स्वयंपाक करताना खिडकी उघडण्याची आठवण घरात त्याच करून देऊ लागल्या. ज्याला कोकणातला पावसाळा माहीत आहे त्याला ओलीचे वर्तन इतर कोणाहूनही चांगले कळते. त्याला दोन्हीकडच्या हवेतील पाण्याची तुलना करून दाखवावी लागते, इतकेच.

जाता जाता हेही नोंदवतो की, ठाण्या-मुंबईतल्या वातानुकूलित खोलीत पावसाळ्यात याच्या उलट चित्र असते. तेथे काच आतून थंड आणि बाहेरची हवा बाष्पाने भरलेली असल्याने पाणी काचेच्या बाहेरच्या बाजूला सुटते, आणि शेजारच्या एसी नसलेल्या खोलीच्या बाजूने सामाईक भिंतीवर बुरशी येते. रेडिंगचा उपाय तेथे जसाच्या तसा लागू करू नये.

रोजचे दहा लिटर

घरात किती पाणी हवेत सोडले जाते, याचा अंदाज बांधल्याशिवाय कोणता उपाय आधी करायचा हे ठरत नाही. शांत बसलेली किंवा झोपलेली व्यक्ती श्वास आणि घाम यांतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडते, म्हणजे दिवसाला सुमारे एक लिटर. आजी आणि लहान मूल दिवसभर घरात, पती-पत्नीही बहुतेक दिवस घरूनच काम करणारे, त्यामुळे चौघांचे चार लिटर धरले. लहान मुलीमुळे रोज एक धुलाई होत असे आणि ते सगळे कपडे बैठकीतल्या रेडिएटरवर आणि घोडीवर वाळत. यंत्राने पिळलेल्या एका धुलाईतून सुमारे दोन लिटर पाणी हवेत जाते. दोन वेळचा पूर्ण स्वयंपाक, त्यात कुकर, उकळणारी आमटी, दुपारचा चहा आणि गॅसची शेगडी, याचे दीड लिटर. येथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे गॅस जळतानाही पाणी तयार होते. एक घनमीटर नैसर्गिक वायू जळाला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. अंघोळी, भांडी आणि फरशी पुसणे यांचे दोन-अडीच लिटर. एकूण आकडा दहा लिटरच्या आसपास गेला.

आत ११ ग्रॅम आणि बाहेर ५.७ ग्रॅम, म्हणजे फरक ५.३ ग्रॅम. रोजचे दहा लिटर म्हणजे तासाला सुमारे ४१७ ग्रॅम. त्यावरून भागाकार केला तर या घरात तासाला सुमारे ७९ घनमीटर हवा कशीबशी बदलत होती, आणि तीही मुख्यतः दारे-खिडक्यांच्या फटींतून. हा हिशेब स्थूल आहे, तरीही त्यातून पुढचा मार्ग स्पष्ट झाला. रोजचे बाष्प दहावरून सात लिटरवर आणले, तर हवा आहे तेवढीच बदलूनही घरातले पाणी घनमीटरला साडेनऊ ग्रॅमच्या खाली येते. त्यात तासाला आणखी सुमारे १८ घनमीटर हवेची भर घातली तर ते ८.७ ग्रॅमवर येते, म्हणजे २० अंशांना जेमतेम ५० टक्के. ही जादा हवा तापवण्यास सुमारे १०० वॅट लागतात, म्हणजे दिवसाला अडीच युनिटच्या आत. गॅसचा दर युनिटला सहा-सात पेन्स धरला तर हा खर्च दिवसाला १५ ते २० पेन्स होतो. खिडकी उघडली की हीटिंगचे सगळे पैसे बाहेर जातात, ही भीती या कुटुंबाला फार होती. तिचा खरा आकार एवढाच होता.

निकामी पंखे, बंद झडपा

मग हवा बाहेर नेणारी साधने तपासली आणि तेथे प्रकरणाचा मोठा भाग उलगडला. शेगडीवरची चिमणी चालू होत होती, तिचा आवाजही भरपूर होता, परंतु तिला बाहेर जाणारी नळीच नव्हती. ती हवा कोळशाच्या गाळणीतून ओढून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडणारी होती. असे यंत्र तेलाचा अंश आणि वास काही प्रमाणात कमी करते, बाष्प मात्र एक थेंबही कमी करत नाही. ब्रिटनमधील फ्लॅटमध्ये ही मांडणी फार सर्रास आढळते. चिमणीच्या वरच्या किंवा पुढच्या बाजूने गरम हवा तोंडावर येते का, हे हात धरून पाहिले की लगेच कळते.

न्हाणीघरातला पंखा फिरत होता, पण त्याच्या जाळीवर धूळ आणि केसांचा थर होता आणि मागची लवचिक नळी दबून चपटी झाली होती. हवेचा वेग मोजता तो सेकंदाला सुमारे ६ लिटर हवा ओढत होता. इंग्लंडच्या इमारत नियमांत गरजेपुरत्या चालणाऱ्या पंख्यासाठी न्हाणीघरात सेकंदाला १५ लिटर आणि स्वयंपाकघरात शेगडीलगत ३० लिटर हे किमान माप दिले आहे. जुन्या इमारतीला ते मागे जाऊन लागू होत नाही, तथापि तुलनेसाठी तेच माप योग्य आहे. शिवाय न्हाणीघराच्या दाराखाली नवा गालिचा आल्याने फट बुजली होती. आत येण्यास वाट नसेल तर चांगला पंखाही हवा बाहेर नेऊ शकत नाही. दाराखाली एक सेंटिमीटर तरी मोकळे असावे लागते. खिडक्यांच्या वरच्या चौकटीतल्या बारीक झडपा, ज्यांना तिकडे ट्रिकल व्हेंट म्हणतात, त्या आधीच्या भाडेकरूने चिकटपट्टी लावून बंद केल्या होत्या.

केलेले बदल

कपड्यांपासून सुरुवात केली, कारण मोठा असूनही सर्वांत सहज हलवता येणारा हिस्सा तोच होता. कपड्यांची घोडी न्हाणीघरात हलवली, दार बंद ठेवून आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी करून टाकीत जमा करणारे यंत्र, चालवला. घेताना एक बाब समजून घेणे इष्ट असते : खोक्यावर दिवसाला १२ लिटर असे लिहिलेले असले तरी ते माप बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला काढलेले असते, आणि १८-२० अंशांच्या घरात त्याच्या निम्म्याहूनही बरेच कमी पाणी निघते. कॉम्प्रेसरवर चालणारे यंत्र तापलेल्या खोलीत किफायतशीर असते. न तापवलेल्या गॅरेजसारख्या जागेत शोषक चक्राचे यंत्र चांगले काम करते, पण त्याला वीज जास्त लागते. येथे न्हाणीघर उबदार असल्याने पहिला प्रकार निवडला. एका धुलाईचे कपडे वाळेपर्यंत टाकीत दीड ते दोन लिटर पाणी जमा होते, आणि वीज सुमारे सव्वा युनिट लागते. ती वीज आणि बाष्प पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता, दोन्ही घरातच राहतात, त्यामुळे खर्च पूर्णपणे वाया जात नाही.

स्वयंपाक करताना भांड्यांवर झाकण, स्वयंपाकघराचे दार बंद आणि खिडकी हातभर उघडी, आणि कुकरचे झाकण उघडल्यानंतर आणखी दहा मिनिटे तशीच उघडी, असा नियम केला. सकाळी उठल्यावर शयनगृहाची खिडकी पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडून समोरची खिडकीही उघडायची. दिवसभर बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे चांगले, कारण एवढ्या वेळात हवा बदलते पण भिंती थंड होत नाहीत. काचेवर पाणी असेल तर ते पुसून फडके मोरीत पिळायचे. यापूर्वी ते फडके रेडिएटरवर वाळत घातले जात होते आणि पुसलेले सगळे पाणी तासाभरात पुन्हा हवेत जात होते.

शयनगृहाचा रेडिएटर सुरू करून खोली १८ अंशांवर स्थिर ठेवली. हीटिंग सकाळ-संध्याकाळ जोरात लावून मधे पूर्ण बंद करण्याऐवजी कमी तापमानावर अधिक वेळ चालू ठेवले, कारण हवा लवकर तापते आणि भिंत फार सावकाश. कपाट बाहेरच्या भिंतीपासून सरकवून आतल्या भिंतीला लावले. झडपांवरची चिकटपट्टी काढली.

बुरशी काढताना मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवले. कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूमने ती झटकू नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. हातमोजे आणि मास्क घालून, खिडकी उघडी ठेवून, बुरशीनाशक द्रावणाने भिंत पुसली, वापरलेली फडकी पिशवीत बंद करून टाकली. ब्लीच वापरणाऱ्यांनी ते अमोनिया असलेल्या किंवा शौचालयाच्या आम्लयुक्त क्लीनरबरोबर कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. भिंत पूर्ण वाळण्यापूर्वी वरून बुरशीरोधक रंग देणे व्यर्थ आहे.

घरमालक आणि ‘जीवनशैली’

कुटुंबाने मालकाच्या व्यवस्थापकाला आधीच लिहिले होते. उत्तर आले की ही ओल तुमच्या जीवनशैलीमुळे आहे, स्वयंपाक कमी वाफेचा करा आणि खिडक्या उघडा. हे उत्तर मला अस्वस्थ करणारे वाटते. चार माणसांनी श्वास घेणे, रोज जेवण करणे आणि मुलाचे कपडे धुणे हे घराचे सर्वसाधारण वापर आहेत आणि घराने ते पेलले पाहिजेत. रॉचडेल येथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा सामाजिक गृहसंस्थेच्या फ्लॅटमध्ये मरण पावला. घरातील बुरशीशी प्रदीर्घ संपर्क आल्यामुळे हा मृत्यू झाला, असे नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, नोंदवले; त्या घरातही ओलीचे खापर कुटुंबाच्या राहणीवर फोडले गेले होते. त्यानंतर २०२३च्या कायद्यात सामाजिक घरांसाठी आलेली तरतूद ‘अवाबचा कायदा’ म्हणून ओळखली जाते आणि तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये लागू झाला. खाजगी भाड्याच्या घरांनाही, २०१८च्या कायद्यानुसार, घर राहण्यास योग्य असणे बंधनकारक आहे आणि ओल हा त्यातील एक निकष आहे.

म्हणून दुसरे पत्र तक्रारीच्या सुरात न लिहिता नोंदींसह लिहिले : प्रत्येक खोलीचे तापमान आणि आर्द्रता, पंख्याचे मोजलेले ६ लिटर, बाहेर न जाणाऱ्या चिमणीचे छायाचित्र, आणि कुटुंबाने स्वतः केलेले बदल. या पत्रानंतर व्यवस्थापकाने न्हाणीघरात मंद गतीने सतत चालणारा आणि आर्द्रता वाढताच वेग वाढवणारा पंखा बसवला आणि दाराची खालची कड कापून दिली. भाडेकरूने आपला वाटा उचलल्याचा लेखी पुरावा असला की ‘जीवनशैली’ हा शब्द फार काळ टिकत नाही.

आजची स्थिती

फेब्रुवारीच्या अखेरीस, बाहेर पुन्हा ४ अंश असताना, बैठकीत २० अंशांना ५१ टक्के आणि शयनगृहात १८ अंशांना ५७ टक्के अशी नोंद होती. दवबिंदू सुमारे साडेनऊ अंशांवर आला होता आणि काचेचा मधला भाग १२ ते १३ अंशांवर, त्यामुळे काच कोरडी होती. मात्र बाहेरचे तापमान शून्याखाली गेलेल्या रात्रींनंतर काचेच्या खालच्या कडेला पाण्याची बारीक रेघ अजूनही येते. ॲल्युमिनियमची पट्टी असलेली काच बदलेपर्यंत ती येत राहील आणि पुसावीच लागेल. ५० टक्क्यांच्या खाली आर्द्रता ओढून ती घालवण्याचा खटाटोप करू नये, असे मी कुटुंबाला सांगितले आहे.

उत्तरेकडचा कोपरा हा उरलेला प्रश्न आहे. दोन बाहेरच्या भिंती जेथे मिळतात तेथील पृष्ठभाग सपाट भिंतीपेक्षा नेहमीच थंड असतो, आणि पोकळीत उष्णतारोधक भरल्याशिवाय तो फारसा सुधारणार नाही. ते भरण्यापूर्वी विटांचे सांधे आणि पोकळीतील राडारोडा तपासणे आवश्यक आहे, अन्यथा पावसाचे पाणी त्यातून आतल्या भिंतीपर्यंत पोहोचू शकते आणि मग आज नसलेली गळती खरोखरच सुरू होईल. हा निर्णय संपूर्ण इमारतीच्या मालकाचा आहे आणि तपासणीची मागणी लेखी दिलेली आहे. तोपर्यंत त्या कोपऱ्यापासून पलंग हातभर दूर ठेवला आहे, आणि तेथे लावलेल्या आर्द्रतामापकाची नोंद कुटुंब दर आठवड्याला वहीत करत आहे.